अन्न शून्य, निवारा शून्य

नवऱ्याला बायको नकोशी झाली की कोणी आरडाओरडा करतं, कोणी भांडी आपटतं, कोणी सासऱ्याला फोन करून रडतं. यशनं तक्ता केला.

चांगला सतरा पानांचा, रंगीत. डावीकडे स्टुटगार्ट, उजवीकडे चेन्नई आणि मधे संसाराच्या ओळी: घरभाडं, अन्न, वीज, प्रवास, औषधपाणी, शाळा, कपडे, करमणूक. जर्मनीतलं कुटुंब शंभरातले किती कशावर घालवतं आणि इथलं किती, ते अगदी वर. प्रत्येक ओळीच्या टोकाला एक गुणक. तिकडे शंभर रुपयांना पडणारी वस्तू इकडे कितीला मिळते, तो आकडा म्हणजे गुणक. अन्नाला पस्तीस, घराला वीस, शाळेला पंचवीस. हे सगळं त्यानं कुठल्याशा संकेतस्थळावरून उचललं होतं आणि खाली तशी तळटीपही टाकली होती, कारण पुराव्याशिवाय हा गृहस्थ शिंकतसुद्धा नसे. सात वर्षांच्या पोरीला आणि तिच्या आईला महिन्याला किती पाठवायचं, एवढाच खरा प्रश्न होता. त्यासाठी त्यानं दोन देश तराजूत घातले.

कोर्टाच्या आवारातल्या मध्यस्थी केंद्रात, दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत, त्याची बायको कीर्तना त्या तक्त्याची छापील प्रत समोर घेऊन बसली होती. टेबलाच्या डोक्याशी श्रीरंजनी. कोर्टानं नेमलेल्या मध्यस्थ, पन्नाशीच्या वकीलबाई, आवाज मऊ पण नजर हातोड्यासारखी. प्रकरण न्यायाधीशांपुढं जाण्याआधी दोघांत काही जुळतंय का ते बघायचं, हे त्यांचं काम. आणि लॅपटॉपच्या पडद्यावर यश, पांढऱ्या भिंतीपुढं, इस्त्रीच्या शर्टात. तिकडे सकाळचे साडेसात वाजले होते, तरी केस नीट विंचरलेले.

त्यानं इंग्रजीत, शांतपणे मांडलं. शाळा, डॉक्टर, कपडे, स्कूलबस, पोरीचा नाच आणि पोहणं, सगळं धरून बावीस हजार रुपये महिना तो द्यायला तयार होता. त्याच्या पगाराच्या मानानं ही रक्कम म्हणजे दोन-तीनदा बाहेर जेवायचा खर्च, पण ते त्याच्या तक्त्यात नव्हतं. कीर्तनाच्या वकिलानं, विजयेंद्रनं, विचारलं की अन्न आणि निवारा या दोन ओळींचं काय. यशनं चष्मा वर सारला.

"मी फक्त त्यांचेच आकडे वाचतोय," तो म्हणाला. हे मात्र मराठीत, मुद्दाम, कीर्तनाकडे बघून. मग पुन्हा इंग्रजीत त्यानं तिचंच शपथपत्र वाचून दाखवलं. अन्नावर दरमहा खर्च, शून्य. घरभाडं, शून्य. खाली कीर्तनाची सही.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण रागवायचं कुणावर? सही तिचीच होती. न वाचता केलेली होती आणि न वाचता करण्याचं कारण घरी आरामखुर्चीत पेपर वाचत बसलं होतं. राममूर्ती राव. तिचे अप्पा. चौतीस वर्षं सरकारी हिशेबतपासनीस, लोकांच्या वह्यांमधली रिकामी ओळ शंभर फुटांवरून ओळखणारा माणूस. शपथपत्राचा खर्चाचा भाग मी भरतो म्हणाले, सुंदर अक्षरात भरला, आणि तिनं डोळे मिटून सही ठोकली. असल्या बापाच्या हिशेबावर कोण नजर फिरवत बसतं?

श्रीरंजनीनं दोन आठवड्यांची मुदत दिली. अन्न आणि निवाऱ्याचा खर्च खरोखर होत असेल तर दुरुस्त शपथपत्र द्या, म्हणाल्या, आणि ज्यांच्या घरात राहता त्यांनाही घेऊन या, त्यांच्याकडून मला ऐकायचं आहे. नाहीतर बावीस हजारांवर मी समेट लिहून घेते.

बावीस हजारांत काय होतं, हे कीर्तनाला त्या तक्त्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. अड्यारमधल्या एका संस्थेत तिला करारावरची नोकरी होती, हातात सव्वीस हजार. तांबरमकडे दोन खोल्या बघून आली होती, तर अठरा हजार भाडं आणि दहा महिन्यांचं डिपॉझिट. तिला बाकी काही नको होतं. एक दार हवं होतं, ज्याचं कुलूप तिचं. आता ती अप्पांच्या घराच्या वरच्या खोलीत राहत होती, आणि ते घरही अप्पांचं एकट्याचं नव्हतं. हयातीपर्यंत त्यांच्या ताब्यात, मग दोन काकांचे मुलगे वाटणीला उभे राहणार, हे सगळ्यांना माहीत होतं. अप्पा चौऱ्याहत्तरचे. त्यांच्या मागं ती आणि तिची पोर नित्या कुठं जाणार होत्या? हा प्रश्न घरात कुणी काढत नसे. पाहुणे मात्र कॉफीचा पेला हातात घेत विचारायचे, जर्मनीला परत कधी?

त्या दुपारी ती घरी आली ती चपला न काढताच थेट त्यांच्यापुढं उभी राहिली आणि शपथपत्राची प्रत त्यांच्या पेपरावर टाकली. हे काय लिहिलंत, असं विचारलं. अप्पांनी चष्मा लावला, आपलंच अक्षर वाचलं आणि म्हणाले की बरोबर आहे. तुझा खर्च विचारला होता. अन्नावर तुझा काय खर्च होतो? कांहीं नाहीं. भाडें देतेस? नाहीं. मग शून्यच.

तिनं समजावलं. एकदा, दोनदा, मग आवाज चढवून. सांगितलं की आपण जेवतो त्या तांदळाचे पैसे पडतात, वरच्या खोलीला दुसरा भाडेकरू अठरा हजार देईल, आणि हा आकडा लिहिला नाही तर तो माणूस फुकटात सुटतो. अप्पा ऐकत होते. तंजावरच्या त्यांच्या जुन्या मराठीत, जिला यश नाटकातली भाषा म्हणून हसायचा, त्यांनी एकच उत्तर दिलं.

"लेकीच्या भाताचा दर मी लिहायचा नाहीं."

"अप्पा, हे देवघर नाही. कोर्ट आहे."

"कोर्ट असो कीं आणिक कांहीं असो."

मग शब्दानं शब्द वाढला. ती म्हणाली की तुमचा हा मोठेपणा मला भोवतो. ते म्हणाले की मोठेपणा नव्हे, रीत. लेक आणि नात पानावर बसल्या असतां त्यांच्या घासाची किंमत मोजणारा बाप कसला? ती म्हणाली, रीत पाळायला तुमच्याकडं घर आहे, पेन्शन आहे, माझ्याकडं काय आहे? स्वयंपाकघरातून तुळसीअम्मा बाहेर आल्या, दोघांकडं पाहिलं आणि परत आत गेल्या. चाळीस वर्षांच्या संसारात त्यांना एक गोष्ट पक्की कळली होती, की नवऱ्यानं पेननं लिहिलेलं खोडलं जात नाही.

आणि मग कीर्तनाच्या तोंडून ते गेलं. बरेच दिवस गळ्याशी आलेलं होतं.

"तुम्हाला मी जायलाच नकोय. शून्य लिहिलंत, म्हणजे मी इथंच राहणार. जन्मभर, वरच्या खोलीत, तुमच्या डोळ्यांपुढं."

अप्पांनी पेपराची घडी घातली. "मग रहा. कोण जा म्हणतो?"

"मी म्हणते."

ते उठले आणि आंघोळीला गेले. दुपारी तीन वाजता, दुसऱ्यांदा. नंतरचे दहा दिवस बापलेकीत बोलणं झालं नाही. रसम वाढू का, हेसुद्धा अम्मा विचारायच्या, इकडून तिकडे आणि तिकडून इकडे. दोघंही ताटात बघून जेवायचे. नित्या शाळेतलं काहीबाही सांगायची तेव्हा दोघंही तिलाच उत्तर द्यायचे, एकमेकांच्या डोक्यावरून. कीर्तना घास गिळायची आणि प्रत्येक घासाला तिला वाटायचं की हा फुकटचा, याचा हिशेब नाही, म्हणजे मीही नाही.

दुरुस्त शपथपत्र द्यायला चार दिवस उरले होते तेव्हा विजयेंद्रनं तिला दुपारी फोन केला आणि जरा वैतागूनच विचारलं, की यशनं तक्त्यामागं जोडलेले कागद कोणी वाचलेत का. वाचले नव्हते. जर्मनीत जगणं किती महाग आहे हे दाखवायला त्यानं आपल्या घरखर्चाच्या आठ वर्षांच्या नोंदी जोडल्या होत्या. महिन्यामागून महिना, पानामागून पान, सगळ्या त्याच्याच हातच्या. इतका उघडा हिशेब कोर्टापुढं ठेवताना त्याची छाती गर्वानं फुगली असणार.

जेवणाच्या सुट्टीत कीर्तना संस्थेच्या गच्चीवर गेली, दही-भाताचा डबा उघडला आणि वाचत बसली. एकेक ओळ म्हणजे तिचाच मोडलेला संसार होता. गरोदरपणातल्या तिच्या गोळ्या, औषधपाणी. हिवाळ्यातले तिचे बूट, कपडे. तिनं आईला केलेले फोन, करमणूक. हे वाचून तिला हसू आलं, तेही कडूच. करमणूक म्हणे. रोज संध्याकाळी अंधाऱ्या खिडकीशी बसून अम्माचा आवाज ऐकल्याशिवाय तिला श्वास यायचा नाही, आणि ह्यानं ते सिनेमाच्या तिकिटांत घातलं होतं.

मग ती नित्याच्या जन्माच्या महिन्यावर आली. त्या महिन्यात एक ओळ जमेच्या बाजूला होती. यशच्या पगाराखेरीज जमेला कधी काही नसायचं, म्हणून ती डोळ्यांत भरली. पाहुण्यांचं राहणं-जेवण, वसूल. ४२१ युरो.

कीर्तनानं डबा बाजूला ठेवला.

तिच्या बाळंतपणाला अप्पा आणि अम्मा स्टुटगार्टला आले होते. आता तंजावरकडच्या त्यांच्या घराण्यातली चाल अशी, की लेकीला मूल होईपर्यंत आईबापानं तिच्या घरचं अन्न खायचं नाही. चेन्नईत असते तर वेळ निभावून नेली असती, पण परमुलखात, थंडीत, तीन महिने काय हवा खाऊन राहायचं? अप्पांनी त्यातून वाट काढली. जेवायचं, पण दिवस मोजायचे. दोघांचे मिळून रोजचे दहा युरो त्यांनी मनाशी धरले, कारण बाजारात जाऊन त्यांनी भाव बघितले होते. नित्या जन्मली तोवर बेचाळीस दिवस झाले होते. बारशादिवशी त्यांनी स्वयंपाकघरातल्या फळीवरच्या देवांपुढं पाकीट ठेवलं. चारशे वीस, आणि वर एक युरोचं नाणं, हळदकुंकू लावून, कारण देणं कधी पुऱ्या आकड्यात देत नाहीत. यशला त्यांनी आपल्या त्या नाटकातल्या मराठीत समजावूनही सांगितलं होतं की हें तुमचें नव्हे, बाळाचें आहे, देवापुढें ठेवलें आहे. यश हो हो म्हणाला होता. कीर्तनाला ते पाकीट नंतर कधी दिसलं नाही. बाळाच्या नावानं बँकेत टाकलं असेल, असं ती सात वर्षं समजत आली.

टाकलं होतं. खाणावळीच्या वसुलीत टाकलं होतं.

ती अर्ध्या दिवसाची रजा टाकून घरी आली. अप्पा व्हरांड्यात बसले होते. दहा दिवसांत पहिल्यांदा ती त्यांच्याजवळ बसली. पान समोर धरलं आणि ओळीवर बोट ठेवलं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या वह्या वाचलेल्या माणसाला फोड करून सांगावी लागली नाही. त्यांनी ओळ वाचली. महिना वाचला. मग पुन्हा आकडा. त्यांच्या मानेवरची शीर उडताना कीर्तनाला दिसली. तिला एकदम त्यांची कीव आली, आणि स्वतःचा रागही. हे आपण त्यांना का दाखवलं?

"वरचा एक युरो पण धरला?" त्यांनी विचारलं.

"धरला, अप्पा."

मग ते आत गेले, पेन आणलं, कोरं शपथपत्र मागितलं आणि भरायला घेतलं. यशचा तक्ता शेजारी उघडा ठेवला. त्याचाच भाव, त्याचाच गुणक, बाहेरचा एक आकडा नाही. बेचाळीस दिवसांचे चारशे वीस, म्हणजे माणशी रोज पाच युरो. एक युरो त्यांनी वगळला आणि कागदाच्या कडेला लिहिलं, हा देवाचा. पाच युरोचे पाचशे रुपये, त्याचे पस्तीस टक्के एकशे पंच्याहत्तर, दोन माणसं, तीस दिवस. दहा हजार पाचशे. स्टुटगार्टचं घरभाडं नऊशे युरो, त्याचे वीस टक्के, अठरा हजार. अक्षर नेहमीसारखंच आलं, टपोरं, काना-मात्रेला एकसारखं. लिहून झाल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं आणि तिच्याकडं न बघता म्हणाले की मी तुझ्यासोबत येईन, तारीख सांग.

त्या संध्याकाळी ते जेवले नाहीत. पोट ठीक नाही, एवढंच बोलले.

दुसऱ्या बैठकीला अप्पा पांढरं धोतर आणि बंद गळ्याचा कोट घालून आले. चेन्नईच्या उकाड्यात तो कोट त्यांनी निवृत्तीनंतर पहिल्यांदाच चढवला होता. श्रीरंजनीनं त्यांना बसायला खुर्ची दिली आणि तमिळमध्ये विचारलं की मुलीकडून राहण्या-जेवणाचे पैसे घ्यायचं खरंच ठरलं आहे का. ते हो म्हणाले. किती? अठ्ठावीस हजार पाचशे. कशाच्या आधारावर? जावयांच्या तक्त्याच्या आधारावर, असं सांगून त्यांनी सात वर्षांपूर्वीची ती ओळ पुढं सरकवली. श्रीरंजनीनं ती वाचली, मग पडद्याकडं बघितलं.

कीर्तना वाट बघत होती की आता हा तडफडेल. तिला त्याचा तसा चेहरा बघायचाच होता, त्याच्यासाठी ती रात्रभर जागी होती. पण यश हसला. म्हणाला की आकडे त्याच्याच पद्धतीनं काढलेत, त्याला काही म्हणायचं नाही. बावीस आणि साडेअठ्ठावीस, एकूण पन्नास हजार पाचशे, मान्य. इतक्या चटकन मान्य केलं की कीर्तनाला संशय आला. आठ वर्षं ह्या माणसाबरोबर काढली होती तिनं. मान्य म्हणताना तो कधी चष्म्याला हात लावत नसे. आता लावला होता.

अटी दोन, यश म्हणाला. राहण्या-जेवणाचे साडेअठ्ठावीस तो कीर्तनाला नाही, थेट राममूर्तींच्या खात्यावर पाठवणार, दरमहा त्यांच्या सहीची पावती मिळाल्यावर. आणि ती व नित्या त्यांच्याकडं राहतील तोपर्यंतच. उद्या तिनं दुसरीकडं घर केलं तर तो तिच्या हौसेचा भाग. चेन्नईत डोक्यावर छप्पर असताना दुसऱ्या छपराचे पैसे त्यानं का भरावेत? त्याच्या वकिलानं मान डोलावली. विजयेंद्रला हरकतीचा मुद्दा सापडेना, कारण कागदावर हे अगदी सरळ दिसत होतं.

मग यश मराठीवर आला. श्रीरंजनीला कळू नये म्हणून आवाज अगदी गोड केला.

"अप्पा, पावतीला एखादा रुपया वर ठेवा हं. तुमच्याकडे पुऱ्या आकड्यात देत नाहीत ना?"

म्हणजे त्याला कळलं होतं. त्या पाकिटाच्या वेळीही कळलं होतं. कीर्तनाच्या हातातलं पेन्सिलीचं टोक मोडलं. तिला पडद्यात हात घालून त्याची कॉलर धरावीशी वाटली. आणि त्याच वेळी तिला हेही दिसलं की तो जिंकला. पैसे वाढले, पण दार गेलं. आता ती अप्पांच्या घरातून हलली की अन्न शून्य, निवारा शून्य. ती जन्मभर वरच्या खोलीत आणि अप्पा जन्मभर जावयाच्या पैशाची पावती फाडणार. अप्पांच्या मागं काय, ते तर त्यानं लिहिलंच नव्हतं. नाही म्हणावं तर प्रकरण न्यायाधीशांपुढं, दोन वर्षं, तीन वर्षं, तोवर हातात काहीच नाही.

श्रीरंजनीनं अप्पांना विचारलं, आपल्याला पावती द्यायला हरकत नाही ना?

अप्पा खुर्चीत सरळ बसले. मग तमिळमध्ये, जुन्या कचेरीच्या थाटात, एकेक वाक्य तोडून विचारलं. जावयांनी मला भाडं द्यायचं कबूल केलं, बरोबर? बरोबर. म्हणजे मी घरमालक ठरलो, ही भाडेकरू? श्रीरंजनी म्हणाल्या की तसंच लिहिलं जाईल. कारकुनानं ते टिपून घेतलं का? घेतलं होतं. अप्पांनी त्याला ते वाचून दाखवायला लावलं. कारकुनानं वाचलं. तेव्हा ते कीर्तनाकडं वळले, आणि दोन आठवड्यांत पहिल्यांदा सरळ तिच्या डोळ्यांत बघून आपल्या मराठीत बोलले.

"तुझ्या भाताचे पैसे मी घ्यायचा नाहीं. न घेतां ठेवायचीही सोय आतां उरली नाहीं. एक महिन्यांत घर खालीं कर."

तिला आधी कळलंच नाही. त्यांनी तेच श्रीरंजनीला तमिळमध्ये सांगितलं. घरमालक या नात्यानं मी भाडेकरूला नोटीस देत आहे, मुदत तीस दिवस, कारण मला खोली हवी आहे. हे नोंदवून घ्या.

मग यश खुर्चीतून पुढं आला. हे नाटक आहे, तो इंग्रजीत म्हणाला. सख्खा बाप मुलीला घराबाहेर काढतोय, यावर कोण विश्वास ठेवेल? श्रीरंजनीनं त्याला थांबवलं. घर त्यांच्या ताब्यात आहे, त्या म्हणाल्या, आणि ते घरमालक आहेत हे दोन मिनिटांपूर्वी तुम्हीच मान्य केलंत. चेन्नईत डोक्यावर छप्पर आहे असं आता कसं म्हणता येईल? अन्न-निवाऱ्याचा आकडाही तुम्हीच मान्य केलाय. आता या दोघी जिथं राहतील तिथं तो लागू. हे मान्य नसेल तर मी सगळे कागद वर पाठवते, ही चारशे एकवीसची ओळही.

यश त्याच्या वकिलाशी काहीतरी बोलला, माईक बंद करून. परत आला तेव्हा त्याचा सूर बदलला होता, तोच जुना, स्टुटगार्टचा, दिवा बंद करून झोपायला जाताना तिला टोमणा मारायचा तो सूर. ठीक आहे, म्हणाला. पण नोटीस तिनं मान्य करायला हवी. तिला विचारा. ती जाणार नाही. मी तिला ओळखतो, अप्पा-अम्माशिवाय तिला दोन दिवस राहवत नाही, आठ वर्षं खिडकीशी बसून रडत होती. ती राहायचं म्हणाली तर माझी अट कायम.

श्रीरंजनी कीर्तनाकडं वळल्या. विचारलं, घरमालकांची नोटीस तुम्हाला मान्य आहे का?

कीर्तनानं अप्पांकडं पाहिलं. ते टेबलावरच्या कागदाकडं बघत होते, जिथं कारकून त्यांचे शब्द लिहीत होता. त्यांनी दात आवळले होते. तिला कळत होतं की हे खोटं नाही. चौतीस वर्षांत ह्या माणसानं आपलं लिहिलेलं कधी खोडलं नव्हतं. तीस दिवस म्हणजे तीस दिवस, एकतिसाव्या दिवशी वरच्या खोलीत तिचं अंथरूण असणार नाही, आणि घरात जेवायला दोनच माणसं बसतील. दोन आठवड्यांपूर्वी ती ह्यांना म्हणाली होती, तुम्हाला मी जायलाच नकोय. खरं होतं ते. त्यांना तिनं जायला नको होतं, अगदी नको होतं. तिला ओरडून सांगावंसं वाटलं की अप्पा, राहते मी, चुकले, मागं घ्या. एवढं म्हणायचा अवकाश, की यशचं काम झालं असतं.

"मान्य आहे," ती म्हणाली. कारकुनाला नीट ऐकू जावं म्हणून पुन्हा म्हणाली. "हो. एका महिन्यात खाली करते."

पडद्यावर यशनं चष्मा काढून पुसायला घेतला. अप्पांनी खिशातून पेन काढलं, टोपण उघडलं आणि कारकुनाला विचारलं की सही कुठं करायची.